दस्तीने धरलेली जागा

विद्यापीठाच्या मुख्य गेटच्या आत, सिक्युरिटीच्या खोलीला लागून, शटल बस उभी असायची. आम्ही दोघी सकाळी हैदराबादच्या काचीगुड्याहून निघून सिटी बसने गेटपाशी उतरायचो. मी कार्ड दाखवून शटलमध्ये चढायचे. आई गेटवरच्या मशीनवर बोट टेकवून आत यायची आणि चालायला लागायची.

जायचं दोघींना एकाच दिशेला होतं. माझा विभाग त्या रस्त्याच्या साधारण मध्यावर होता. आई ज्या मेसमध्ये चपात्या लाटायची ती हॉस्टेलची मेस रस्त्याच्या टोकाला होती. म्हणजे तिचं अंतर माझ्या दुप्पट. मी विशीत होते, आई पन्नाशी ओलांडलेली. तिच्या उजव्या गुडघ्यातली गादी झिजली आहे, चालणं कमी करा, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मेसचं काम उभ्याने होतं, तरी तिला त्याची तक्रार नव्हती. काम ओट्याला टेकून करता येतं. चालताना टेकायला काही नसतं, असं ती म्हणायची.

नियम साधा होता. शटल विद्यार्थ्यांसाठी, प्राध्यापकांसाठी आणि कायम कर्मचाऱ्यांसाठी. कंत्राटी कामगारांनी त्यात बसायचं नाही. ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर ते इंग्रजीत आणि तेलुगूत चिकटवलेलं होतं. कारण विचारलं तर सांगितलं जायचं की बसचा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. त्या विद्यार्थ्यांत मीही होते. मला कुणी विचारलं नव्हतं.

कंत्राटी म्हणजे कोण, हे त्या रस्त्यावर सकाळी उभं राहिलं की कळायचं. झाडणाऱ्या बायका, माळी, संडास धुणारे, मेसवाले, रखवालदार. कॅम्पसवर हाताने करायची जवळजवळ सगळी कामं हीच माणसं करायची. डबे हातात धरून ती रस्त्याच्या कडेने चालत असायची आणि शटल त्यांच्या शेजारून जायची. तासांच्या वेळी बसमध्ये गर्दी असे. एरवी नसे. दुपारी कितीतरी वेळा बसमध्ये ड्रायव्हर, एफएमवरची गाणी आणि मी एवढेच होतो, आणि बाहेर उन्हात ओळीने माणसं चालत होती.

रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही बाजूची झाडं गेली होती. राहिले होते ते मोठमोठे खडक आणि सीताफळाची झुडपं. सावली कशाचीच नव्हती. एका वळणावर पाटी होती, की इथे मोरांचा वावर आहे, वाहने हळू चालवा, त्यांना त्रास देऊ नका. शटल तिथे खरोखर हळू व्हायची. मोर रस्ता ओलांडत असेल तर थांबायची.

आईने पहिल्याच आठवड्यात मला सांगून ठेवलं होतं की बसमधून हाक मारायची नाही, हातही करायचा नाही. तिला माझी लाज वाटत नव्हती आणि मला तिची वाटत नव्हती. तिचं म्हणणं एवढंच होतं की इथे तू शिकायला आलीस, मेसवालीची पोरगी म्हणून ओळख कशाला पाहिजे. मी हात करत नसे. पण खिडकीच्या बाजूला बसत असे आणि बघत असे. तिचा उजवा पाय जरा बाहेर पडायचा. तिच्याबरोबर तिच्याच मेसमधली एक बाई चालायची, मेदककडची. आई तिला अक्का म्हणायची. दोघींचं बोलणं दखनीत चालायचं, मध्ये तेलुगू, मध्ये मराठी. अक्का वयाने मोठी होती, पण पायाने धड होती. ती आईसाठी हळू चालायची आणि त्याबद्दल आईला रोज टोमणे मारायची.

मेसमध्ये पोचायला उशीर झाला की सुपरवायझर अर्धा दिवस गैरहजेरी लावायचा. असे उशीर वाढले की पुढच्या सत्राला नाव कटायचं. त्यामुळे आमच्या घरात तेव्हा एकच प्रश्न होता: आईला ती बस मिळेल का. बस मिळाली असती तर गुडघा टिकला असता, आणि गुडघा टिकला असता तर काम टिकलं असतं. अख्ख्या कॅम्पसमध्ये कुणालाही काहीही द्यावं लागलं नसतं. बस त्याच रस्त्याने, तेवढंच तेल जाळत जाणारच होती.

सुरुवातीला एकदा ड्रायव्हरने तिला चढवलं होतं. तो सिकंदराबादकडचा होता आणि तोही कंत्राटीच होता. नियमाने बघायचं तर बसमध्ये बसायचा अधिकार त्यालाही नव्हता. तो बसमध्ये होता कारण तो ती चालवत होता. त्याने आईला आणि अक्काला मागच्या सीटवर बसवलं आणि मेसपाशी सोडलं. पुढच्या आठवड्यात त्याला ऑफिसात बोलावून कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं गेलं. त्यानंतर आई दिसली की तो मान खाली घालायचा. एक दिवस त्याने तिला थांबवून सांगितलं, "अम्मा, बुरा मत मानो. मेरेकू भी घर चलाना है."

आई म्हणाली, बुरा कैकू मानू.

आता दस्तीबद्दल सांगायला हवं.

रुमालाला आम्ही दस्ती म्हणतो, नांदेडकडेही आणि हैदराबादेतही. आईची दस्ती म्हणजे चौकड्यांचं मोठं सुती फडकं. ती कायम तिच्या कमरेला खोचलेली असे. हात पुसायला, घाम पुसायला, गरम डबा धरायला, डोक्यावर घ्यायला. आणि गाडीत जागा धरायला.

आईचं माहेर नांदेड जिल्ह्यातलं. तिथल्या स्टँडवर गाडी लागली की लोक दाराकडे जात नाहीत, खिडक्यांकडे जातात. खिडकीतून दस्ती, टोपी, पिशवी, काय असेल ते सीटवर टाकायचं आणि मग निवांत दाराने चढायचं. ज्याची वस्तू त्याची जागा. आई लग्न होऊन हैदराबादला आली तेव्हा तिला हे शहर परकं वाटलं, भाषा कळेना, अन्न गोड लागेना. पण कोटी भागातल्या स्टँडवर पहिल्यांदा गेली आणि बघते तर लोक खिडकीतून दस्त्या टाकत होते. तेव्हा तिला जरा हायसं वाटलं, असं ती सांगायची. आबिड्सला, सिकंदराबादला, कुठेही तिने टाकलेली दस्ती मी चुकीच्या सीटवर पडलेली पाहिली नाही. आणि पडलेली दस्ती कुणी उचलून फेकलेलीही पाहिली नाही. जे लोक तिकिटाच्या सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी भांडतात, पाय पडला म्हणून आई-बहीण काढतात, तेसुद्धा सीटवरची दस्ती बघून पुढे जातात. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

संध्याकाळची शटल मेसपासून सुटायची. ती मेसच्या मागच्या दारासमोर बराच वेळ रिकामी उभी असे, मग हॉस्टेलची पोरं भरत आणि ती माझ्या विभागापाशी येई तेव्हा उभं राहायलाही जागा नसे. आईचं काम त्याच सुमारास संपायचं. एम. ए. च्या दुसऱ्या वर्षी मी लायब्ररीची पुस्तकं, लॅपटॉप असं बरंच ओझं घेऊन फिरत होते आणि घरी पोचून पाठ दुखते म्हणत होते. आईने ते ऐकलं असणार.

एका संध्याकाळी मी बसमध्ये चढले. गर्दी होती. मागून तिसऱ्या खिडकीची जागा रिकामी होती आणि तिच्यावर आईची दस्ती होती. हळदीचे डाग, कोपऱ्यात जळकं भोक. शेजारी बसलेल्या मुलाने माझ्याकडे बघून विचारलं, आपकी है क्या. तो करीमनगरकडचा होता. तो म्हणाला, एका अम्माने बाहेरून टाकली आणि निघून गेली, कुणी बसायला आलं तर मी सांगितलं की जागा धरलेली आहे.

मी बसले. पुढच्या वळणावर बसने आईला आणि अक्काला मागे टाकलं. आईने वर बघितलं, मला खिडकीत बसलेलं बघितलं आणि मान फिरवून अक्काशी बोलत राहिली.

घरी गेल्यावर मी तिला म्हटलं की असं करू नकोस, कुणी काही बोलेल. तिचं म्हणणं होतं की तिने बसच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. ती रस्त्यावर उभी होती. रस्ता सगळ्यांचा आहे.

"आणि जागा धरायला कार्ड लागतं का?" तिने विचारलं.

नियमात तसं काही नव्हतं. त्यानंतर रोज संध्याकाळी मागून तिसऱ्या खिडकीत दस्ती असायची. ज्या बसमध्ये तिला बसू दिलं जात नव्हतं त्या बसमध्ये ती माझ्यासाठी जागा धरत होती आणि स्वतः गेटपर्यंत चालत येत होती. मी गेटपाशी तिची वाट बघायचे, दस्ती तिला परत द्यायचे, आणि मग आम्ही सिटी बसने घरी जायचो. ते सत्र असंच चाललं. पोरांना ते माहीत झालं होतं. एखादा नवा मुलगा तिथे बसायला गेला तर बाकीचे त्याला म्हणत, नक्को, वो अम्मा की सीट है.

मग एका संध्याकाळी एक प्राध्यापक बसमध्ये चढले. दुसऱ्या विभागाचे. त्यांची गाडी दुरुस्तीला गेली होती. मृदू बोलणारे गृहस्थ, आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. ते मेसपाशीच चढले, तेव्हा बस जवळजवळ रिकामी होती. पुढे काय झालं ते मला त्या करीमनगरच्या मुलाने नंतर सांगितलं. प्राध्यापकांना खिडकी हवी होती. पलीकडच्या बाजूच्या बऱ्याच खिडक्या मोकळ्या होत्या, पण तिथे ऊन होतं. त्यांनी दोन बोटांनी दस्ती उचलली, हे कुणाचं म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती दाराकडे टाकली. मुलगा म्हणाला की सर, कुणीतरी जागा धरली आहे. ते म्हणाले, हे काही खेडेगाव नाही.

मी माझ्या स्टॉपवर चढले तेव्हा दस्ती पायरीच्या वरच्या अंगाला, लोकांच्या पायांत पडली होती. तिच्यावर बुटाचा ठसा होता. मी ती उचलली आणि झटकली.

"अच्छा, तो ये आपका है," ते म्हणाले. अगदी सौम्यपणे.

मी म्हटलं, "मेरी माँ का है."

"उन्हें समझाइए. बस में आदमी बैठता है, कपड़ा नहीं."

"आदमी को बैठने नहीं देते सर, इसलिए कपड़ा बैठता है."

मागे दोघं-तिघं हसले. तेच बहुधा त्यांना लागलं. मी उलट बोलले ते त्यांनी सहन केलं असतं, पोरं हसली ते केलं नाही. ते खिडकीबाहेर बघत बसले. मोरांच्या पाटीपाशी बस हळू झाली. पलीकडे आई आणि अक्का चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी मेसच्या सुपरवायझरने आईला मागच्या दारातच अडवलं. त्याच्या मोबाइलवर दस्तीचा फोटो होता, सीटवर पडलेली असतानाचा. म्हणजे फेकण्याआधी प्राध्यापकांनी फोटो काढला होता. तक्रारीत लिहिलं होतं की मेसचे कामगार स्वयंपाकघरातले घाण कपडे बसमध्ये टाकतात आणि त्यामुळे विद्यार्थ्यांच्या आरोग्याला धोका आहे. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता, असं आई अजून म्हणते. त्याने तिला एवढंच सांगितलं, अम्मा, ट्रान्सपोर्टवाले साहेब बोलावतील, त्यांना भेट, मिटव, तोवर येऊ नको. त्याच हाताने, त्याच दस्तीला पुसून, ती त्याच विद्यार्थ्यांसाठी चपात्या करत होती. त्या चपात्यांबद्दल आरोग्याची तक्रार कुणी केलेली नव्हती.

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी आईबरोबर गेले. अधिकारी निवृत्तीला आलेले होते. आम्ही दारात उभ्या राहून आपसात बोलत होतो ते त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मराठी का तुम्ही? या ना, या. कुठल्या?"

काचीगुड्याच्या, मी म्हटलं.

ते काचीगुड्याचेच निघाले. त्यांचे आजोबा निजामाच्या वेळी बिदरकडची शेती भावांवर सोडून शहरात आले, स्टेशनजवळ घर बांधलं, तीन पिढ्या तिथेच. हल्ली मराठी कानावर पडत नाही, घरातली पोरंसुद्धा इंग्रजीत बोलतात, त्यांना मराठी पाटी वाचता येत नाही, असं ते सांगत राहिले. त्यांनी आईला बसायला सांगितलं. ताई म्हणाले. चहा घ्याल ना, असं विचारून बेलकडे हात नेला आणि सहज विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

आईने आडनाव सांगितलं.

मग त्यांनी मूळ गाव विचारलं. आईने तेही सांगितलं. गावात कुठल्या बाजूला घर आहे, हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारायची गरज राहिली नव्हती. बेलकडे गेलेला हात टेबलावर परत आला. चहा आला नाही.

त्यानंतरचं बोलणंही मराठीतच झालं. ताई हा शब्द त्यात पुन्हा आला नाही. ते म्हणाले की तुम्ही लोकांनीही जरा समजून घ्यायला पाहिजे. इथे तुमच्या मुलीला शिकायला मिळतंय, तुम्हाला काम मिळतंय, आणखी काय पाहिजे. सर मोठे आहेत, त्यांनी मनात आणलं असतं तर गोष्ट फार पुढे गेली असती. सरांची तोंडी माफी मागा, विषय संपेल.

मी बोलायला तोंड उघडलं. माफी कशाची, हे मला विचारायचं होतं. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मागते की," ती म्हणाली. "माफी मागून गाडीत बसू देत असाल साहेब, तर रोज मागते."

साहेब हसले. त्यांना तो विनोद वाटला. आईला विनोद करायचा नव्हता. तिने साडी घोट्याच्या वर जराशी उचलून सुजलेला पाय दाखवला आणि नीट समजावून सांगितलं की सकाळचं एक वेळ तरी बसू द्या, संध्याकाळी चालत जाईन. उभी राहीन, सीट नको. पायरीवर बसेन.

ते माझ्या हातात नाही, साहेब म्हणाले.

"मग कुणाच्या हातात आहे?"

ते म्हणाले, असं एकाचं नाव सांगता येत नाही, कमिटी असते. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

आईने माफी मागितली. मी प्राध्यापकांच्या विभागाच्या बाहेर, जिन्यापाशी उभी होते. दोन मिनिटांत ती परत आली. प्राध्यापक तिच्याशी फार चांगलं बोलले, असं तिने सांगितलं. म्हणाले, अम्मा, मैं तो बस सफ़ाई की बात कर रहा था, आपसे कोई दुश्मनी थोड़े है. तिला त्यांनी खुर्ची दिली का, हे मी विचारलं. ती कठडा धरून जिना उतरायला लागली. घरी जाताना सिटी बसमध्ये ती म्हणाली की मागितली माफी, त्यात माझं काय गेलं. जाते ती ही ढोपराची वाटी. आणि गुडघ्यावर हात ठेवला.

ती पुन्हा कामावर जायला लागली. दस्ती खिडकीतून टाकणं बंद झालं. मी शटलने जाणं बंद केलं आणि तिच्याबरोबर चालायला लागले, तर तिने ते दोन दिवस चालू दिलं आणि तिसऱ्या दिवशी रस्त्यात थांबली. म्हणाली, तू चाललीस तर माझा पाय बरा होतो का? अक्का म्हणाली की दोन लंगड्या करून कंपनीला काय फायदा, एक पुरे. मी पुन्हा बसमध्ये चढायला लागले.

उन्हाळ्याच्या आधी आईचे उशीर वाढले. अक्काने तिच्यासाठी हळू चालणं थांबवलं नाही, म्हणून अक्काचेही वाढले. तेव्हा आईनेच तिला पुढे पाठवायला सुरुवात केली. रस्त्यावर मला ती मग एकटी दिसायची. कधी एखाद्या खडकाला हात टेकून उभी असायची. पुढच्या सत्राला तिचं नाव लागलं नाही. सुपरवायझरने सांगितलं की वरून आलं आहे. वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मी तोवर एका वर्तमानपत्रात डेस्कवर लागले होते. तिथे मी ही बातमी लिहिली. कुणाचंही नाव न घेता, फक्त नियम, रस्ता आणि रिकामी बस. वरिष्ठांनी ती वाचली आणि विचारलं की यात झालं काय? मी सांगितलं की एक बाई रोज चालत जात होती. ते म्हणाले, तशा तर अजून हजारो जातात. त्यांचं बरोबर होतं. डेस्कवर ज्याला बातमी म्हणतात ते त्यात नव्हतं. अपघात नव्हता, मोर्चा नव्हता, कुणी मेलं नव्हतं. नियम मोडला गेला असता तर बातमी झाली असती. नियम पाळला जात होता.

पदवीदानाच्या दिवशी मी आईला घेऊन गेले. तिला यायचं नव्हतं. गुडघ्याला पट्टा बांधून, ठेवणीतली पांढरी साडी नेसून ती आली. दस्ती कमरेला होती, धुतलेली. गेटवर पाहुण्यांसाठी टेबल होतं. तिथल्या मुलीने आईच्या गळ्यात पाहुणीचा पास घातला आणि शटलकडे बोट दाखवलं.

शटल नव्या आल्या होत्या. बंद काचेच्या, गार, बाहेरून पॉलिश केलेल्या. दारात मशीन होतं, त्याला कार्ड किंवा पास दाखवला की ते वाजायचं. खिडकी म्हणून जी होती ती उघडत नव्हती. आईने पास मशीनला दाखवला, मशीन वाजलं, आणि ती चढली. कुणीही काहीही विचारलं नाही. ती तीच बाई होती. गुडघा मात्र आता निकामी झाला होता.

ती मागून तिसऱ्या खिडकीत बसली. मी तिच्या मागच्या सीटवर बसले, कारण तिने शेजारच्या जागेवर दस्ती पसरली होती. आधी मला ते कळलं नाही. मग समजलं. अक्काची कामावर जायची ती वेळ होती.

बस सुटली. आई काचेला कपाळ लावून रस्ता बघत होती. वळणाच्या अलीकडे चालणाऱ्या बायकांच्या घोळक्यात अक्का दिसली. आईने काच ठोकली. बाहेर आवाज गेला नाही. पुढचा स्टॉप जवळच होता आणि तिथे चढणारे बरेच पाहुणे रांगेत उभे होते, त्यामुळे बस थांबून राहिली आणि अक्का चालत चालत दाराजवळून जाऊ लागली.

आई उठून उभी राहिली. "अक्का, आ जा," तिने दाराकडे हाक मारली. "जागा धर के रखी तेरे वास्ते."

अक्काने वर बघितलं. आईला बघितलं, गळ्यातला पास बघितला, दारातलं मशीन बघितलं. तिचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"तू बैठ गे," ती हसत म्हणाली. "अब तू मेहमान है. मैं तो नौकर हूँ."

दार बंद झालं. बस पुढे गेली आणि अक्का मागे राहिली. आई खाली बसली. दस्ती तिने उचलली नाही.

बसमध्ये तोवर बरेच लोक चढले होते. मुलांचे आईवडील, काका-मामा, नवे कपडे घातलेले. धोतर नेसलेला एक म्हातारा माणूस जागा शोधत मागे आला. कुठल्यातरी तालुक्याच्या गावाहून पोराची पदवी बघायला आला असावा. एवढी एकच सीट रिकामी होती. त्याने हात टेकायला पुढे केला, दस्ती बघितली, आणि काही न विचारता दांडा धरून उभा राहिला. आईने त्याच्याकडे बघितलं नाही. सभागृह येईपर्यंत तो तसाच उभा होता आणि ती जागा तशीच रिकामी होती.